गाडगेबाबांची धर्मशाळा

अमरावती जिल्ह्यात शेंडगाव म्हणून गाव आहे. तेथे झिंगराजी परीट यांच्या घरी सखुबाईच्या पोटी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजीचा जन्म झाला. दारूपायी बाप अकाली गेला. आईने लेकराला घेऊन दापुऱ्यास माहेर गाठले. तेथे डेबू मामाची गुरे राखी, औत हाकी, आणि रात्री भजनात टाळ घेऊन बसे. पुढे सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि मामाची जमीन गेली. अक्षरओळख नसण्याची किंमत घरानेच मोजली. ती गोष्ट डेबूजी जन्मभर विसरले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी बायकामुलांस मागे ठेवून ते निघाले. अंगावर चिंध्या, हाती काठी, आणि एक मडक्याचे खापर. त्यातच भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांस नाव दिले. भाकरी मागायची ती फुकटाची नव्हे. आधी गावचा रस्ता झाडायचा, कुणाची लाकडे फोडायची, मग घास.

पूर्णेच्या काठी ऋणमोचनास पौषात यात्रा भरते. उतारावर चिखल, म्हातारी माणसे घसरून पडायची. बाबा एकटेच टोपलीने माती वाहू लागले. लोक आधी नुसतेच बघत. मग एकाने टोपली धरली, मग दुसऱ्याने. पुढे त्या काठाला दगडी घाट झाला. बाबांची सगळी कामे अशीच झाली म्हणा ना! स्वतः आधी खराटा धरायचा, कुणाला हुकूम करायचा नाही.

आता पंढरीची गोष्ट ऐका. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, हे आपण सारे जाणतो. पण चोखोबांच्या जातीचा वारकरी वारीला आला तर त्याने पाठ कुठे टेकावी, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला होता? मठ होते, वाडे होते, पण त्याला दार बंद. आषाढाच्या पावसात लेकरेबाळे घेऊन उघड्यावर! हे बाबांस पाहवेना. त्यांनी पैसा पैसा मागून पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभी केली. शिकलेले आणि धनवंत त्यांच्या कीर्तनाला येत, त्यांनाही बाबा मागत; पण मजुराच्या पैशाचा मान त्यांच्याकडे कमी नव्हता. नाशिक, आळंदी, देहू येथेही अशाच धर्मशाळा झाल्या. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठुरायाचे राऊळ सर्वांना खुले झाले. बाबांनी निवाऱ्याची सोय त्याच्या कितीतरी आधीच केली होती. ते स्वतः वारीत राऊळापेक्षा वाळवंटातच अधिक सापडत, हाती खराटा घेऊन.

१९२३ साली कोकणात कीर्तन चालू असता एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हे कठोरपण म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. समोर बसलेल्या हजारोंच्या घरीही कुणी ना कुणी गेलेलेच होते, आणि त्यांच्यात बसून आपले दुःख वेगळे काढणे त्यांस जमले नसावे.

१९४९ साली बाबांनी पंढरपूरची ती धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणासाठी. उभ्या आयुष्याच्या भिकेतून बांधलेली इमारत, आणि देताना हात आखडला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. पुढे चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ बाबांनीही देह ठेवला.

लाखोंच्या धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाचे घरचे लोक मात्र झोपडीतच राहिले. धर्मशाळेवर घरच्यांचा हक्क नाही, हे बाबांनी आधीच ठरवून ठेवले होते.