सी. के. नायडू : राजाश्रय, वय आणि कर्णधारपद

भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून कर्नल सी. के. नायडू यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यांची कारकीर्द केवळ षटकारांची नाही. खेळाडूचे मोल कोण ठरवतो, त्याचा पैसा कोण देतो आणि वय झाल्यावर त्याला संघात कोण ठेवतो, या प्रश्नांचीही ती कहाणी आहे. हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत.

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म नागपुरात ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी झाला. घराणे मूळचे तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेले, सुशिक्षित आणि संपन्न. शिक्षण हिस्लॉपमध्ये झाले आणि क्रिकेटचे धडेही नागपूरच्याच मैदानांवर मिळाले. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि धावांचे खाते षटकारानेच उघडले. उंच, ताठ शरीरयष्टी आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्याची हिंमत यांमुळे त्यांना पाहण्यासाठी गर्दी लोटू लागली.

त्या काळात क्रिकेट हा भारतीय खेळाडूचा उपजीविकेचा व्यवसाय नव्हता. जगायचे असेल तर नोकरी हवी, आणि खेळण्यासाठी सवड देणारी नोकरी संस्थानिकांकडेच मिळे. १९२३ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी सी. के. यांना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. नागपूरचा हा मोहरा होळकरांच्या पदरी गेला तो कायमचाच. नावामागची कर्नल ही उपाधीही होळकरांच्या सैन्यातलीच.

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्यांनी एम. सी. सी. विरुद्ध १५३ धावा फटकावल्या. त्यात ११ षटकार आणि १३ चौकार होते. भारतीय संघ कसोटी खेळण्याच्या योग्यतेचा आहे, या मताला या खेळीने मोठे बळ मिळाले. १९३२ मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघाचे नेतृत्व मात्र पोरबंदरच्या महाराजांकडे देण्यात आले होते. महाराजांनी समजूतदारपणे माघार घेतली, उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार जायबंदी झाले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर नाणेफेकीला सी. के. गेले. तेव्हा त्यांचे वय ३६ होते. दुखावलेल्या हाताने खेळूनही पहिल्या डावात त्यांनी संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. त्या दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या १६१८ धावा झाल्या आणि १९३३ मध्ये विस्डेनने त्यांची वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंत गणना केली.

१९३३-३४ मध्ये जार्डिनच्या संघाविरुद्ध तिन्ही कसोटींत तेच कर्णधार होते. लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले तेव्हा दुसऱ्या टोकाला सी. के. होते, त्या दोघांनी १८६ धावांची भागीदारी केली. पण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपद गेले ते विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे. १९३०-३१ मध्ये हॉब्ज आणि सटक्लिफ यांच्यासारख्या इंग्लिश तारकांना आपल्या संघात खेळवण्याइतकी त्यांची थैली जड होती. त्या थैलीचा प्रभाव कर्णधारपदाच्या निवडीतही दिसला. तीन कसोटींत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या. चाळिशीतले सी. के. मात्र ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत शरीरावर चेंडू झेलत ८१ धावा करून गेले. तीच त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी आणि तीच त्यांची शेवटची कसोटी. भारताची पुढची कसोटी १९४६ मध्ये झाली, तेव्हा ते पन्नाशीचे होते.

संस्थानिकाच्या पैशाने त्यांचे कर्णधारपद गेले, आणि संस्थानिकाच्याच पैशाने त्यांना दुसरे क्रिकेट आयुष्य मिळाले. होळकरांनी पैसा एकट्या नायडूंवर खर्च केला नाही. संपूर्ण संघ उभा केला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, नागपुरातच जन्मलेले हिरालाल गायकवाड अशी माणसे एकत्र आली. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा शतके झाली. त्यातले एक पन्नास वर्षांच्या कर्णधाराचे होते. १९४४-४५ पासूनच्या ११ मोसमांत होळकर संघाने रणजी करंडकाची अंतिम फेरी १० वेळा गाठली आणि करंडक चार वेळा जिंकला. १९५२-५३ मध्ये बंगालला नमवून चौथा करंडक उंचावणारे सी. के. ५७ वर्षांचे होते. आदल्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर आदळून दात पडले, तरी ते खेळपट्टी सोडून गेले नाहीत.

इथे आजच्या व्यवहाराशी तुलना मनात येते. अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनाला कमाल मर्यादा असते. हल्ल्याची सूत्रे हलवणाऱ्या क्वार्टरबॅकने त्यातला मोठा वाटा घेतला की उरलेल्या रकमेत बाकी संघ बसवावा लागतो, आणि बऱ्याचदा पहिली कुऱ्हाड तिशी ओलांडलेल्या अनुभवी खेळाडूंवर पडते. आयपीएलच्या लिलावाचेही गणित तेच. २०२४ च्या लिलावात लखनौने १२० कोटींच्या मर्यादेतील २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर खर्च केले. त्याच वेळी ४३ वर्षांच्या महेंद्रसिंह धोनीला चेन्नईने चार कोटींत राखले, तेही पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीयाला नवख्यांच्या गटात धरणाऱ्या नियमाच्या आधाराने. होळकरांच्या थैलीला अशी मर्यादा नव्हती, म्हणून तिथे एका खेळाडूचे मोल दुसऱ्याच्या मुळावर आले नाही. मात्र ती थैली एका माणसाच्या मर्जीवर होती, आणि मर्जी कोणत्याही करारापेक्षा नाजूक असते.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. संघ १९५४-५५ पर्यंत होळकर नावानेच खेळला, पण राजाश्रयाचे दिवस सरले होते. सी. के. १९५३-५४ मध्ये आंध्रकडून आणि १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशाकडून उतरले. वयाच्या ६१ व्या वर्षी राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा केल्या, त्यात विनू मांकड यांना लगावलेले दोन षटकार होते. नावावर जागा अडवून बसणाऱ्याची ही धावसंख्या नव्हे. ते निवड समितीचे अध्यक्षही होते; १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले. सात कसोटींतल्या ३५० धावांवरून त्यांची थोरवी कळत नाही. प्रथम श्रेणीतील ११,८२५ धावा आणि ४११ बळी यांवरून थोडीफार कळते.

नागपूरने त्यांचा पुतळा उभारला, पण रणजी करंडकासाठी या शहराला दीर्घकाळ वाट पाहावी लागली. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला हरवून तो प्रथमच जिंकला. विजयी धावा काढणारे वसीम जाफर ३९ वर्षांचे होते. दुखापतीमुळे आदला मोसम हुकल्याने त्या वर्षी मानधन न घेता खेळण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. तो सामना झाला इंदूरमध्ये, होळकरांचेच नाव मिरवणाऱ्या स्टेडियमवर.