सायकलच्या दुकानापासून नांगरापर्यंत : बेळगावचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव : किर्लोस्करांचा पंप सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडच्या मळ्यांत दिसतो. पण या नावाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली, हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नाही.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येईनात. चित्रकला सुटली. यंत्रांच्या रेखाटनाला मात्र रंग लागत नाहीत! ते शिकून मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळत तयार झाले. बढतीत डावललं गेलं, तेव्हा नोकरी सोडून सरळ बेळगाव गाठलं.

इथे भाऊ रामूअण्णांच्या साथीनं सायकली विकायच्या, बिघडल्या तर दुरुस्त करायच्या, गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवायचं. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. एवढा काळ माल पडून राहिला तर आजचा दुकानदार शटर ओढून मोकळा होईल.

धंदा जरा बसतोय तोच बेळगाव नगरपालिकेनं नव्या वसाहतीसाठी जागा खाली करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचं निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं. 1910 मध्ये बिऱ्हाड, कामगार, यंत्रं सगळं तिकडे हललं. लक्ष्मणराव 1956 मध्ये गेले. त्या माळावरच्या स्टेशनाचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे.