जन्माष्टमीस जन्मलेले मरुभूमीचे गोपाल : गुरु जांभोजी

ज्या पवित्र तिथीस भगवान श्रीकृष्णांनी अवतार धारण केला, त्याच जन्माष्टमीस इ. स. १४५१ मध्ये राजस्थानातील नागौर परिसरात, पीपासर ग्रामी, गुरु जांभोजींचा जन्म झाला. पिता लोहटजी, माता हंसादेवी. बालपणी ७ वर्षे मौन पाळून या क्षत्रियपुत्राने पुढे २७ वर्षे रानात गुरे राखली, अशी परंपरा आहे. रानातील हा दीर्घ सहवासच त्यांचा खरा गुरु होय, असे आम्हांस वाटते.

मरुभूमीत पाऊस बेताचा. तेथे खेजडीच्या पाल्यावर शेळ्या व उंट जगतात, तिच्या शेंगांची भाजी होते आणि तिच्या छायेत बाजरी पिकते. ही खेजडी म्हणजे आपण गणरायास जिची पत्री वाहतो ती शमीच. दुष्काळात मनुष्य प्रथम हिच्यावरच कुऱ्हाड चालवितो. वृक्ष गेला की गुरे जातात आणि गुरांमागून माणसांसही गाव सोडावे लागते.

अशाच घोर दुष्काळात, इ. स. १४८५ मध्ये, बिकानेरकडील समराथळच्या वाळूच्या टेकडीवर जांभोजींनी कलश स्थापून पंथ प्रवर्तित केला आणि २९ नियम घालून दिले. वीस आणि नऊ यांवरून अनुयायांस बिश्नोई हे नाव पडले, असे मानतात. नित्य स्नान व विष्णुस्मरण यांच्या जोडीनेच हिरवे झाड तोडू नये, जीवांवर दया करावी, पाणी गाळून घ्यावे, किडामुंगी पाहूनच सरपण चुलीत घालावे, असे दंडक त्यांत आहेत. बैल खच्ची करू नये, हाही एक नियम. तो पाळणे शेतकऱ्यास किती जड, हे बैलजोडी बाळगणाराच जाणे! दुष्काळातून माणूस तारावयाचा तर झाडाचा नि जनावराचा वाटा आधी राखला पाहिजे, हा हिशेब गुरूंनी धर्माचरणातच गोवला.

इ. स. १५३६ मध्ये त्यांनी देह ठेविला. मुकाम येथे त्यांची समाधी आहे.

या नियमांची कसोटी इ. स. १७३० मध्ये लागली. जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांचे लोक चुनाभट्टीच्या जळणासाठी खेजडली गावी वृक्ष तोडण्यास आले, तेव्हा अमृतादेवी व तिच्या कन्यांनी झाडांस मिठी मारून प्राण दिले. त्यांच्यामागून आणखी गावकरी पुढे सरसावले. एकूण ३६३ जण धारातीर्थी पडले. अखेर महाराजांनी वृक्षतोड थांबविली.

मुकामच्या यात्रेस जाणारे भाविक आजही पाखरांसाठी धान्य नेतात. बिश्नोईंच्या शेतात काळवीट शिरले, तरी त्यास कोणी दगड मारीत नाही.