जंगलातील कबर : रेव्हरंड अदोनिराम जडसन यांचे चरित्र

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे अशा गावी आहेत की, तेथे प्रभूचे नाव घेणारे दुसरे कुटुंब नाही. पावसाळ्यात ओढ्यांस पूर आला म्हणजे उपासनेस जाणे खुंटते, आणि घरात दुःखाचा प्रसंग आला असता जवळ बसून प्रार्थना करावयास कोणी नसते. अशा वेळी सैतान दारू किंवा मूर्ती पुढे करतोच असे नाही. देवाने तुला टाकले, एवढेच तो कानात सांगतो. ही परीक्षा केवळ नवख्या विश्वासणाऱ्यांवर येते असे कोणी समजू नये. ब्रह्मदेशाचा प्रेषित म्हणून ज्यांस सर्व जग ओळखते त्या जडसन साहेबांवर ती कशी आली, हे आम्ही आज सांगणार आहो.

त्यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांती मॉल्डन गावी ९ ऑगस्ट १७८८ रोजी झाला. वडील पाळक होते. मुलगा बुद्धीने तल्लख, आणि आपण सर्वांत पहिले असावे ही हाव त्याच्या मनात लहानपणापासून होती. ब्राउन कॉलेजात ईम्स नावाच्या एका हुशार मित्राच्या संगतीने त्याने शास्त्रावरील विश्वास सोडला. पुढे प्रवासात तो एका खाणावळीत उतरला असता शेजारच्या खोलीत कोणी तरुण रात्रभर मरणाच्या वेदनांनी कण्हत होता. सकाळी चौकशी करता समजले की, मेला तो ईम्सच होता. त्या धक्क्याने जडसन घरी परतले, आणि १८०८ च्या डिसेंबरात त्यांनी आपणास प्रभूला वाहून दिले.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांस सुवार्तेच्या सेवेची दीक्षा मिळाली. त्यांत जडसन होते, तसेच गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हेही होते. हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले व त्यांच्यापासून आमच्या मराठी देशातील अमेरिकन मिशनचा आरंभ झाला. म्हणजे जडसन साहेब आमच्याच मिशनच्या वडिलांचे दीक्षाबंधू होत. समुद्रप्रवासात बाप्तिस्म्याविषयी त्यांचे मत पालटल्यामुळे ज्या मंडळाने त्यांस पाठविले ते त्यांस सोडावे लागले. कंपनी सरकारनेही बंगाल्यात राहू दिले नाही. शेवटी १३ जुलै १८१३ रोजी पत्नी अ‍ॅन बाईसह ते रंगूनला पोचले. पहिला ब्रह्मी मनुष्य, मौंग नौ, याचा बाप्तिस्मा १८१९ च्या जूनमध्ये झाला. एका आत्म्यासाठी सहा वर्षे वाट पाहावी लागली, तरी त्यांचा धीर खचला नाही.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी यांचे युद्ध जुंपले. हेर समजून राजाच्या शिपायांनी जडसन साहेबांस आवा येथील तुरुंगात टाकले. पायांत बेड्यांचे तीन जोड घातले होते, आणि रात्री बांबूला पाय अडकवून वर ओढीत, तेव्हा खांदे व डोके मात्र जमिनीला लागे. बंदिवानांस सरकारातून अन्न मिळत नसे. अ‍ॅन बाई रोज शिधा आणीत, आणि पुढे तान्ही मुलगी मरिया कडेवर घेऊन हिंडत. नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखित प्रत त्यांनी उशीत शिवून आत दिली. तुरुंग बदलताना ती उशी फेकली गेली, पण मौंग इंग नावाच्या शिष्याने ती धन्याची आठवण म्हणून उचलली व कागद वाचले. असे सतरा महिने गेले.

सुटका झाली, परंतु खरी परीक्षा पुढेच होती. साहेब सरकारी कामासाठी दूर असता २४ ऑक्टोबर १८२६ रोजी अँहर्स्ट येथे अ‍ॅन बाई तापाने वारल्या. सहा महिन्यांनी मरियाही गेली. मग साहेबांचे मन आत वळले. आपण मिशनरी झालो तो प्रभूच्या प्रीतीने की मोठेपणाच्या हावेने, हा प्रश्न त्यांस छळू लागला. त्यांनी आपली डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी टाकली, स्तुतीची पत्रे नष्ट केली, जवळचे द्रव्य मिशनला दिले. येथवर कोणीही त्यांस दोष देणार नाही. परंतु १८२८ च्या अखेरीस त्यांनी मौलमीनजवळ जंगलात झोपडी बांधली व तेथे ते एकटे राहू लागले. तेथे स्वतःची कबर खणून ते तिच्या काठी बसत व आपला देह कुजल्यावर कसा दिसेल याचे चिंतन करीत. अ‍ॅन बाईंच्या मरणास तीन वर्षे झाली त्या दिवशी त्यांनी लिहून ठेवले की, देव आहे असा माझा विश्वास आहे, पण तो मला सापडत नाही.

वाचकहो, शत्रूची युक्ती पाहा. ज्याला बेड्यांनी वाकविता आले नाही त्याला त्याने भक्तीच्याच वेषाने गाठले. कबरीकडे पाहणे हे वैराग्य वाटले, पण त्यात मनुष्य केवळ स्वतःकडेच पाहत होता. प्रभूही प्रार्थनेसाठी डोंगरावर एकटा जात असे, परंतु तो पुन्हा खाली उतरून लोकांत येई. एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत होता, तेव्हा आपण एकटेच उरलो असे त्यास वाटे. परमेश्वराने त्यास आणखी सात हजारांची वार्ता दिली व पुन्हा वाटेस लाविले.

जडसन साहेबांसही देवाने तसेच वाटेस लाविले. भाषांतराचे व उपदेशाचे काम त्यांनी सर्वस्वी टाकले नव्हते, तोच धागा त्यांस बाहेर घेऊन आला. १८३० साली ते प्रोमला गेले. १८३१ साली रंगूनच्या मोठ्या जत्रेत लोक दूरदूरच्या प्रांतांतून येऊन पुस्तके मागू लागले. मग ते डोंगरातील करेण लोकांच्या खेड्यांतून पायी हिंडले. ज्या रानात कबर खणली त्याच मुलखात आता ते बाप्तिस्मे देऊ लागले. ३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषांतर पुरे झाले. ते आजही त्या देशाच्या मंडळ्यांत वाचले जाते. १२ एप्रिल १८५० रोजी ते जहाजावर वारले व त्यांचा देह समुद्रास दिला गेला. खणलेली कबर रिकामीच राहिली.

म्हणून ज्याच्या घरी मरण आले असेल त्याने दार लावून बसू नये. शोक करावा, पण रविवारी दोघे तरी जमतील तेथे जावे. ज्या उपदेशकाचे मन कोरडे पडले असेल त्याने भावना परत येईपर्यंत काम थांबवू नये, शेजारच्या वाडीत जाऊन एका आजाऱ्याजवळ बसावे. आणि ज्यांची घरे मंडळीजवळ आहेत त्यांनी दूरच्या एकट्या घराची आठवण ठेवून ओढा उतरताच तिकडे जावे. देव सापडत नाही असे वाटते त्या दिवसांतही त्याने आपणास धरून ठेवलेले असते, हे जडसन साहेबांच्या चरित्रावरून आम्ही शिकतो.