अठ्ठावीस पौंड

आजचं वाचन: २ करिंथ ९:६-८

हा भाग वाचला की मला जॉन वेस्ली आठवतात. ऑक्सफर्डला असताना वर्षाला ३० पौंड मिळायचे. ते २८ मध्ये भागवायचे, २ गरिबांना द्यायचे. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च? २८च! उरलेले ३२ दिले. मग ९०, मग १२०, खर्च तोच. (आपला पगार वाढला की आधी फोन बदलतो, नाही का?) १७७६ मध्ये करखात्याने त्यांच्याकडे चांदीच्या भांड्यांचा हिशोब मागितला. लंडनला दोन चमचे, ब्रिस्टलला दोन. भोवती लोक भाकरीला मोताद असताना आणखी घेणार नाही, असं त्यांनी कळवलं. किती द्यायचं हे त्यांनी भावनेवर सोडलं नाही. स्वतःला किती पुरे, ते आधी ठरवलं. परवा प्रार्थनेनंतर मीही माझा तसा आकडा लिहायला बसलो. अजून घरभाड्यापाशीच अडलोय.