क्लॉडिया जोन्स : दंगलीला कार्निव्हलचे उत्तर

३० जानेवारी १९५९. लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलबाहेर ऐन हिवाळा होता. आत मात्र स्टीलबँडच्या ठेक्यावर कॅरिबियन कार्निव्हल रंगला होता. बीबीसीने दूरचित्रवाणीवरून दाखवलेल्या या सोहळ्यामागे होत्या क्लॉडिया जोन्स : पत्रकार, कम्युनिस्ट आणि अमेरिकेतून हद्दपार झालेल्या.

१९१५ साली त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच त्या न्यूयॉर्कला आल्या. हार्लेममधील दारिद्र्यात आईचे छत्र हरपले. कोवळ्या वयात क्षयाने गाठले. स्कॉट्सबरो खटल्यातील नऊ कृष्णवर्णीय मुलांवरील अन्यायाने अस्वस्थ होऊन १९३६ मध्ये त्या कम्युनिस्ट चळवळीत आल्या. शीतयुद्धाच्या काळात त्यांना तुरुंगवास घडला आणि डिसेंबर १९५५ मध्ये ब्रिटनला रवानगी झाली.

मार्च १९५८ मध्ये त्यांनी ब्रिक्स्टनमधून ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कॅरिबियन स्थलांतरितांवर आणि त्यांच्या घरांवर हल्ले केले. भेदरलेल्या समाजाला केवळ निषेधपत्रके पुरणार नाहीत, हे क्लॉडिया यांनी ओळखले.

त्रिनिदादमध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी कार्निव्हल आपलासा केला होता. वसाहतीच्या सरकारने ढोलांवर बंधने घातली, तेव्हा बांबूच्या नळ्या वाजू लागल्या. पुढे तेलाच्या टाकाऊ पिंपांतून स्टीलबँड घडला. त्या वाद्यातच दडपशाहीला दिलेले उत्तर होते. सभागृहातील नृत्य-संगीताला म्हणूनच राजकीय अर्थ होता. त्या सोहळ्याच्या स्मरणिकेच्या विक्रीतील काही रक्कम नॉटिंग हिल प्रकरणात अडकलेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठी राखून ठेवली होती, आणि त्या तरुणांत कृष्णवर्णीयांबरोबर गोरेही होते. सूडाऐवजी शेजारधर्म निवडण्याचे धैर्य त्या एका निर्णयात दिसते.

पुढची काही वर्षे हा कार्निव्हल लंडनच्या निरनिराळ्या सभागृहांत भरत राहिला. हृदयविकार आणि क्षयाने जर्जर झालेल्या क्लॉडिया यांचे डिसेंबर १९६४ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी निधन झाले. हायगेट स्मशानभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

१९६६ मध्ये राउनी लॅसलेट यांनी नॉटिंग हिलमध्ये उत्सव भरवला. त्यात रसेल हेंडरसन यांचा स्टीलबँड वाजत रस्त्यावरून निघाला आणि लोक त्याच्यामागे चालू लागले. आठ वर्षांपूर्वी ज्या वस्तीत घराबाहेर पाऊल टाकण्याची धास्ती होती, तिथेच ती मिरवणूक चालली होती. ते दृश्य पाहायला क्लॉडिया उरल्या नव्हत्या.