बाबांच्या तीन बॉलांमागचा जॉन हचिन्सन

गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्यांच्या हातात तीन बॉल असलेला प्लास्टिकचा डबा दिला. बाबांनी जीव खाऊन फुंकर मारली, एकही बॉल हलला नाही. मी इंजिनिअर, तरी मीही फुंकरच मारली असती! ते फुंकायचं नसतं, नळीतून हवा आत ओढायची असते. त्या रात्री बाकड्यावर बसून मोबाईलवर या डब्याचं मूळ शोधलं आणि जॉन हचिन्सन भेटला.

हा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या रायटनचा, जन्म १८११ चा. शिकून लंडनमध्ये सर्जन झाला. ब्रिटानिया नावाच्या विमा कंपनीसाठीही काम करायचा. विमा म्हटलं की प्रश्न एकच, समोरचा माणूस किती जगेल? तेव्हा ना एक्स-रे, ना ईसीजी. आतलं कळायला स्टेथोस्कोप, बस्स.

हचिन्सनने पाण्यात एक भांडं उपडं ठेवलं, कप्पीवरून वजन बांधून ते तोललं. पूर्ण श्वास घेऊन नळीत सोडला की भांडं वर यायचं आणि पट्टीवर आकडा दिसायचा. हा त्याचा स्पायरोमीटर. आजच्या भाषेत सांगायचं तर श्वासाचा डेटा! खलाशी, पोलीस, पैलवान, कंगाल, असे दोन हजारांहून जास्त लोक त्याने मोजले आणि १८४६ मध्ये निबंध छापला. उंची वाढते तशी फुप्फुसाची क्षमता वाढते, हे त्यात दाखवलं. क्षयाने ती घटते, हेही. या क्षमतेला त्याने 'व्हायटल कपॅसिटी' नाव दिलं, म्हणजे थेट आयुष्याशी जोडलेली. डॉक्टर आजही हाच शब्द वापरतात.

आणि मग? १८५२ मध्ये हा माणूस बायको-मुलांना मागे ठेवून ऑस्ट्रेलियाला, सोन्याच्या खाणींच्या मुलखात गेला. का, ते मला अजून उलगडलेलं नाही. पुढे फिजीला गेला आणि १८६१ मध्ये तिथेच वारला. वय जेमतेम पन्नास.

त्याचं यंत्र बाहेर सोडलेला श्वास मोजायचं. बाबांचा डबा उलटा चालतो. १९७० च्या दशकात अमेरिकन सर्जन रॉबर्ट बार्टलेट यांनी रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावणारं साधन पुढे आणलं, त्याच घराण्यातला हा. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापतात. दुखतं, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती. म्हणून ताठ बसायचं, आधी श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरून सावकाश ओढायचं, दोन-तीन सेकंद धरायचं. चक्कर आली तर थांबायचं. खोकताना उशी छातीशी धरायची. किती वेळा, ते आपल्या फिजिओला विचारा. नुसत्या डब्याने फार फरक पडतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. उठून चालणं, खोकून कफ काढणं तितकंच लागतं.

बाबांच्या डब्यावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे होते. पहिला बॉल दुसऱ्या दिवशी उचलला. दुसऱ्याला आठवडा लागला. तिसरा डिस्चार्जनंतर, घरच्या खुर्चीत, आईला हाक मारून दाखवला.